श्रेयनामावलीत नसलेली वसई

जॉर्जिया राज्यात चित्रित झालेली एखादी अमेरिकन मालिका अगदी शेवटपर्यंत, सगळी नावं सरकून संपेपर्यंत पाहिलीत, तर तळाशी एक पीच दिसतं. पीच हे या राज्याचं फळ. ते चिन्ह तिथं येण्यामागं कायद्यात लिहिलेला व्यवहार आहे. जॉर्जियात किमान पाच लाख डॉलर खर्च करणाऱ्या निर्मितीला राज्य सरकार त्या खर्चाच्या २० टक्के करसवलत देतं. शेवटी राज्याचं हे चिन्ह दाखवलं, तर आणखी १० टक्के. हे दर २००८ पासूनचे. म्हणजे शंभर डॉलरच्या खर्चामागे दहा डॉलर राज्य सोडून देतं, ते ‘हे जॉर्जियात घडलं’ एवढं जगाला कळावं म्हणून.

मी अल्फारेटाला राहते. अटलांटाच्या उत्तरेला, ४०० क्रमांकाच्या महामार्गालगतचं हे गाव सॉफ्टवेअरवाल्यांचं म्हणून ओळखलं जातं, आणि आमच्या ओळखीतली बहुतेक मराठी घरंही त्याच कामातली आहेत. मी मात्र सीनिक पेंटर आहे. कालच कापलेल्या लाकडाला शंभर वर्षांचं वय देणं, प्लायवूडचं गंजलेलं लोखंड करणं आणि फोमचा दगड करणं हे माझं काम. भल्या पहाटे गाडी काढायची, अटलांटा ओलांडून दक्षिणेकडच्या स्टुडिओत पोचायचं आणि अंधार पडल्यावर रंगाच्या डागांसकट परत यायचं, असे आमचे दिवस असतात.

दगडी भिंत कशी तयार होते ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. सुतार लाकडाची चौकट करून तिच्यावर प्लाय ठोकतात. त्यावर फोमचे जाड तुकडे चिकटवतात. गरम तारेनं दगडांच्या कडा कापायच्या, मग लोखंडी तारांच्या ब्रशनं पृष्ठभाग खरवडून त्याला दाणेदारपणा आणायचा. फोम बोटानंही दबतो, म्हणून त्यावर कडक लेप फवारायचा. तो वाळला की रंगाचं काम सुरू. आधी एक मध्यम राखाडी थर. त्यावर स्पंजनं तीन-चार छटा, पण कुठलेही दोन शेजारी दगड एकाच छटेचे होऊ द्यायचे नाहीत. मग ब्रश हातावर आपटून बारीक शिंतोडे. सांध्यांत गडद रंग भरायचा. शेवटी सगळ्यात महत्त्वाचं: रंगाचं अगदी पातळ पाणी भिंतीच्या माथ्यावरून सोडायचं आणि ते आपल्या वाटेनं खाली येऊ द्यायचं. पाऊसही असाच येतो, त्यामुळे हे ओघळ हातानं काढलेल्या रेषांपेक्षा खरे वाटतात. शेवाळ हवं असेल, तर भुसा हिरव्या रंगात बुडवून वाळवायचा आणि उन्हाची तिरीप पोचणार नाही अशा कोपऱ्यात डिंकानं बसवायचा.

या कामात मला ज्यांनी शिकवलं त्यांचा एकच आग्रह असे: प्रत्येक डागाला कारण हवं. काळपट पट्टा काढलास, तर वरून पाणी कुठून येतं ते दाखव. पायरी मधोमध झिजवलीस, तर कडेनं कोणी का चाललं नाही ते सांग. दाराच्या चौकटीवर हात लागतात त्या उंचीवर चकाकी हवी, त्याच्या वर धूळ हवी. कारण नसलेला जुनेपणा पडद्यावर लगेच घाण दिसतो. या सवयीनं माझी नजर कायमची बदलली. कुठल्याही जुन्या भिंतीपुढं उभी राहिले की मी ती खालून वर वाचू लागते.

एका मालिकेसाठी आम्हाला मध्ययुगीन युरोपातला मठ उभा करायचा होता. कलादिग्दर्शकांनी भिंतभर छायाचित्रं लावली होती. त्यांत जर्मनीतला एबरबाखचा मठ होता, ‘द नेम ऑफ द रोझ’ या १९८६ च्या चित्रपटाची अंतर्दृश्यं जिथं घेतली गेली तो. आणि इंग्लंडमधल्या विल्टशरमधली लेकॉक ॲबी होती. एला नावाच्या काउंटेसनं १२२९ मध्ये जोगिणींसाठी ती स्थापन केली. आठव्या हेन्रीनं देशभरातले मठ मोडीत काढले तेव्हा, १५३९ मध्ये, तीही बंद झाली आणि पुढं एका श्रीमंत कुटुंबाचं घर झाली. त्याच घरात राहणाऱ्या विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बटनं १८३५ मध्ये आपल्या एका खिडकीचं जे निगेटिव्ह टिपलं, ते आज उपलब्ध असलेलं जगातलं सर्वांत जुनं कॅमेऱ्याचं निगेटिव्ह मानलं जातं. त्या घरात ‘हॅरी पॉटर’च्या वर्गखोल्या चित्रित झाल्या, बीबीसीच्या ‘वुल्फ हॉल’ मालिकेचं काम झालं. शेजारच्या लेकॉक गावात जुन्या काळच्या मालिका चित्रित होतात तेव्हा डांबरी रस्त्यावर माती पसरतात आणि पार्किंगचे पिवळे पट्टे झाकून टाकतात. काम संपलं की माती उचलून नेतात. लेकॉक नॅशनल ट्रस्टच्या ताब्यात आहे, आणि कोणती खोली कोणत्या मालिकेत काय झाली होती हे तिथं येणाऱ्या माणसाला कळतं. मठाची मूळ हकीकतही त्याला त्याच फेरीत कळते. हे मला फार मोलाचं वाटतं.

छायाचित्रांवरून मात्र रंग कळत नाही. म्हणून सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी-तिघी कॉनियर्सला गेलो. अल्फारेटापासून तासाभराच्या अंतरावर तिथं ट्रॅपिस्ट साधूंचा मठ आहे, मोनॅस्टरी ऑफ द होली स्पिरिट. केंटकीतल्या गेथसेमनी मठातून १९४४ साली काही साधू इथं आले आणि सुरुवातीला एका गोठ्यात राहिले. पुढची कित्येक वर्षं त्यांनी स्वतःच्या हातांनी काँक्रीट ओतून चर्च उभं केलं आणि खिडक्यांची रंगीत काचही स्वतःच बनवली. कमानी गॉथिक घाटाच्या, पण दगड एकही नाही. आत गेलं की निळसर उजेड अंगावर येतो. पहाटे चारच्या सुमाराला पहिली प्रार्थना सुरू होते आणि दिवसभरात ते पुन्हा पुन्हा एकत्र जमून गातात. ज्या कामासाठी घर बांधलं ते काम त्याच घरात चालू असलेलं पाहणं ही फार वेगळी गोष्ट आहे. बाकांच्या कडा कुठं गुळगुळीत होतात आणि जमीन कुठल्या वाटेवर फिकी पडते, ते मी वहीत उतरवून घेतलं. पण जुनी भिंत मला तिथं सापडणार नव्हती. साठ-सत्तर वर्षांचं काँक्रीट हे या हिशेबात तान्हं बाळ.

ती मला सापडली वसईला, बहिणीकडे गेले होते तेव्हा.

वसईचा किल्ला मराठी माणसाला माहीत असतो तो चिमाजी अप्पांमुळे. १७३९ चा वेढा, सुरुंग, मे महिन्यातली शरणागती. हे सगळं आपण शाळेत शिकलेलो असतो. पण तटाच्या आत काय होतं, हे शिकवलेलं मला आठवत नाही. गुजरातच्या बहादूरशहानं १५३४ च्या तहात वसई पोर्तुगीजांना दिली, आणि पुढच्या दोनशे वर्षांत तटाच्या आत एक आख्खं शहर वसलं. त्या शहरात मठांची दाटी होती. फ्रान्सिस्कन साधूंचा मठ आणि सेंट अँथनीचं चर्च, डॉमिनिकन साधूंचा मठ, जेझुइटांचं चर्च आणि विद्यालय, शिवाय गावकीचं मोठं सेंट जोसेफ चर्च. युरोपच्या हिशेबानं यांना मध्ययुगीन म्हणता येणार नाही, हे सोळाव्या-सतराव्या शतकाचं बांधकाम. पण मठाची रचना तीच जुनी: मध्ये चौक, चौकाभोवती ओवऱ्या, एका अंगाला चर्च, वर साधूंच्या खोल्या. वसईत जन्मलेला आणि इथं जेझुइटांकडे शिकलेला गोन्सालो गार्सिया पुढं फ्रान्सिस्कन झाला, १५९७ मध्ये जपानमधल्या नागासाकीला त्याला क्रूसावर मारलं गेलं आणि १८६२ मध्ये त्याला संतपद मिळालं. भारतात जन्मलेला तो पहिला कॅथलिक संत. त्याचं गाव म्हणून दूरदूरचे लोक इथं येतात.

किल्ल्यातूनच किल्लाबंदरला जाणारा रस्ता आहे. सकाळी त्या रस्त्यावर शाळेची मुलं, मासळीच्या टोपल्या, दुचाक्या असं सगळं चालू असतं. पुढं बंदराकडे बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत असतात आणि त्यांचा वास वाऱ्याबरोबर आत येतो. ताडांच्या मधून एकदम उंच भिंत समोर येते.

फ्रान्सिस्कन चर्चमध्ये शिरले आणि सवयीनं भिंत वाचायला लागले. छप्पर नाही. भिंतीचा गाभा ओबडधोबड काळ्या दगडांचा, चुन्यात बसवलेला, आणि कमानींच्या कडा, खांब, चौकटी मात्र घडीव दगडाच्या. भिंतीत एका ओळीत चौकोनी खाचा आहेत. तिथं तुळया शिरत होत्या, म्हणजे तिथं मजला होता. एका दारावरची कमान हवेत उघडते, कारण तिच्यामागचा जिना गेला. खालच्या हातपोच भागात कितीतरी घडीव दगड गायब आहेत आणि वर ते शाबूत आहेत. माणसांनी उचलून नेले तेवढे गेले. पिंपळाचं मूळ सांध्यातून उतरतं आणि जिथं त्याला चुना सापडला तिथं जाड होतं. उत्तरेच्या भिंतीवर हिरवं, दक्षिणेच्या भिंतीवर करडं. प्रत्येक डागाला कारण होतं. मी तासन्‌तास कारणं लिहीत बसले.

जमिनीवर थडगी आहेत. चालताना पायाखाली पोर्तुगीज अक्षरं येतात, काही अजून वाचता येतात, काहींचे नुसते खळगे उरलेत. चर्चमध्ये दफन होणं हा मान होता. ज्यांना तो मिळाला त्यांच्यावरून आज पर्यटकांच्या चपला जातात.

आणि काही ठिकाणी, हाताच्या तळव्याएवढे, चुन्याच्या जुन्या गिलाव्याचे तुकडे टिकून आहेत. हस्तिदंती रंगाचे, मऊ चमक असलेले. दगडाची नक्कल मी करू शकते. हा गिलावा मला कधीच साधलेला नाही. त्यात उजेड थोडा आत शिरतो आणि मग परततो, रंगाच्या थरात तसं होत नाही. वसईत हा गिलावाच सगळ्यांत नाजूक आहे. दगड आणखी काही शतकं उभा राहील, गिलावा राहील की नाही ते आपल्या हातात आहे.

पुन्हा एकदा गेले तेव्हा तिथं शूटिंग लागलं होतं. कुठलं, ते सांगण्याची गरज नाही. एका मालिकेतल्या गाण्याचं होतं एवढं पुरे. मी परवानगी मागून एका बाजूला उभी राहिले. एवढी पृथ्वी ओलांडून आले तरी तीच माणसं, तीच घाई. लाइटदादा थर्माकोलच्या पांढऱ्या पाट्या धरून ऊन नायिकेच्या चेहऱ्यावर वळवत होते. काळा कटर लावून खांबावरची चमक मारली जात होती. स्पॉटदादा कटिंग चहाचे ग्लास घेऊन सगळ्यांमधून बरोबर फिरत होते. जनरेटर व्हॅन लांब रस्त्यावर उभी होती आणि तिथून जाड केबल आत आल्या होत्या.

ट्रॉलीचे रूळ टाकायची वेळ आली. रूळ थडग्यांवरूनच जाणार होते, दुसरी जागाच नव्हती. सेटिंगच्या मुलांनी आधी गोणपाट अंथरलं, त्यावर प्लाय टाकले आणि मग रूळ ठेवले. पातळी साधायला लाकडी पाचरी घातल्या, त्याही प्लायवरच. कोणी ओरडून सांगितलं नव्हतं. त्यातल्या वयस्क माणसाला मी विचारलं तर म्हणाला, “खाली माणसं आहेत ना ताई.” मला त्याचं ते काम फार आवडलं. कलाविभागानं एक कमानही आणली होती. खरी कमान मोडलेली, त्यांना शाबूत हवी होती. जवळ जाऊन पाहिलं तर माझ्याच जातीचं काम, थर्माकोल कापून वर प्लॅस्टरचा हात, काजळी आणि पिवडी मिसळून काढलेला रंग. “खिळा मारता येत नाही, दोरीसुद्धा बांधायची नाही, म्हणून ही स्वतःच्या पायावर उभी आहे,” त्या पोरानं सांगितलं. मागं लाकडी टेकू होते आणि टेकूंवर वाळूच्या पिशव्या. शेजारच्या खऱ्या दगडाशी रंग इतका जुळला होता की कॅमेऱ्यातून शिवण दिसत नव्हती.

मग दिग्दर्शकाला धूर हवा झाला. छपराविना आत येणाऱ्या उन्हाच्या तिरिपा धुराशिवाय दिसत नाहीत, हे खरंच आहे. धुरासाठी वापरतात त्यातली काही यंत्रं खनिज तेलावर चालतात आणि त्या तेलाचा बारीक थर जवळच्या वस्तूंवर बसतो. आमच्याकडे स्टुडिओत रंगवलेल्या भिंतींवरून आम्ही तो पुसून काढतो. शेकडो पावसाळे पाहिलेल्या चुन्यावरून तो कोण पुसणार? इथं त्यांनी शेगडीत धूप घातला, वारा आला आणि धूर ताडांकडे निघून गेला. पुन्हा धूप, पुन्हा वारा. शेवटी ऊन कलायच्या आत जेवढं मिळालं तेवढ्यावर भागवलं.

सगळंच असं नीट नव्हतं. एका खांबावर, छातीच्या उंचीवर, जुन्या चिकटपट्टीचा तुकडा होता. आधीच्या कुठल्या तरी चित्रीकरणाचा किंवा फोटोवाल्यांचा असावा. पट्टीच्या वरची बाजू कोणी तरी ओढून काढली होती आणि तिथं गिलाव्याची साल निघून दगड उघडा पडला होता. दोन बोटांएवढी जागा. तीनशे वर्षांपूर्वीच्या गवंड्याच्या थापीचा हात तिथं होता, तो एका क्षणात गेला. असं पाच-पन्नास ठिकाणी झालं की खांबावर काही उरत नाही.

वसईचा किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. १९५८ चा कायदा आणि १९५९ चे नियम त्याला लागू आहेत. चित्रीकरणाला लेखी परवाना लागतो आणि त्याच्या अटी नियमांत स्पष्ट लिहिल्या आहेत. वास्तूला धोका होईल असं काही करायचं नाही. तिच्या कुठल्याही भागाला पाणी, तेल, वंगण किंवा तत्सम काही लावायचं नाही. जनरेटर वास्तूपासून आणि तिच्या हिरवळीपासून लांब ठेवायचा. तिथं येणाऱ्या लोकांची अडवणूक करायची नाही. ज्यानं कोणी हे लिहिलं त्यानं शूटिंग जवळून पाहिलं असणार, इतकं ते नेमकं आहे. स्मारकाच्या आतल्या भागात चित्रीकरणावर आणखी बंधनं आहेत, आणि आतला भाग म्हणजे छपराखालचा भाग अशी व्याख्या आहे. वसईच्या मठांना छप्परच राहिलेलं नाही. म्हणजे ही व्याख्या शब्दशः वाचली, तर वेदीपासून थडग्यांपर्यंत सगळं ‘बाहेर’ ठरतं. ज्या वास्तू सर्वांत जास्त मोडल्या आहेत त्यांना या नियमाचं कवच सर्वांत कमी मिळतं. हे बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं. भग्न चर्चच्या भिंतींमधली जागा ही आतलीच जागा आहे.

चहाच्या सुट्टीत मी एका सहायक दिग्दर्शिकेला विचारलं, गाण्यात ही जागा कुठली म्हणून दाखवणार? “गोवा,” ती म्हणाली. “कथा गोव्यातली आहे ना ताई.”

हे नवं नाही. शाहरुख खानच्या ‘जोश’ची कथा गोव्यात घडते, आणि त्याच्या चित्रीकरणासाठीही वसईचा किल्ला वापरला गेला. हिंदी गाण्यांत, मालिकांत, जाहिरातींत या भिंती कितीदा दिसल्या असतील. कोल्डप्लेच्या २०१६ मधल्या ‘हिम फॉर द वीकेंड’ या गाण्याच्या चित्रफितीतही वसई आहे. जगभरातल्या कोट्यवधी लोकांनी ती पाहिली. त्यांतल्या किती जणांना हे गाव वसई आहे हे कळलं असेल? आणि गोव्याचंच म्हणायचं तर जुन्या गोव्यातल्या बॉम जेझस बॅसिलिकेच्या दर्शनी भागातलं कोरीव काम ज्या काळ्या दगडाचं आहे, तो दगड वसईहून नेलेला आहे. १५९४ मध्ये ते काम सुरू झालं आणि १६०५ मध्ये चर्च पवित्र झालं. सेंट फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनाला येणारा प्रत्येक माणूस आधी वसईचा दगड पाहतो. वसईनं गोव्याला दगड दिला, आता चेहराही देते आहे, आणि दोन्ही वेळा नाव मात्र गोव्याचं.

घंटांचंही तेच झालं. वसई जिंकल्यावर मराठ्यांनी चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून आणल्या आणि देवळांना अर्पण केल्या. भीमाशंकरला एक आहे. नाशिकला नारोशंकराच्या देवळात एक आहे. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणविसांच्या वाड्याखाली कृष्णेच्या घाटावर एक आहे. तिच्यावर १७०७ हे साल आणि मेरी व बाळ येशूची आकृती आजही दिसते. हाच तो घाट, जिथं ‘स्वदेस’मधलं चरणपूर चित्रित झालं. २००४ च्या त्या चित्रपटातला नासातला मोहन भार्गव अमेरिकेतल्या आमच्यासारख्या घरांत सगळ्यांच्या ओळखीचा आहे. अल्फारेटात आमच्या मित्रमंडळींकडे तो कितीदा लावला जातो आणि कितीदा डोळे भरून येतात. त्या घाटाचं नाव मेणवली आहे हे फार थोड्या जणांना ठाऊक असतं. तिथल्या घंटेचा मूळ मनोरा वसईत होता, हे त्याहून थोड्यांना.

जागेचं नाव कळल्यानं काय होतं, ते मी जॉर्जियात रोज बघते. अटलांटाच्या पूर्वेचं कव्हिंग्टन हे छोटं गाव ‘द व्हँपायर डायरीज’मध्ये मिस्टिक फॉल्स म्हणून दिसलं. दक्षिणेच्या सेनोयात ‘द वॉकिंग डेड’ चित्रित झालं. दोन्ही गावांत लोक मुद्दाम येतात, राहतात, जेवतात, चौकाचा इतिहासही ऐकून जातात. आमच्या घरापासून फार लांब नसलेल्या डुलुथमध्ये ग्विनेट प्लेस नावाचा ओस पडत चाललेला मॉल होता. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’च्या तिसऱ्या पर्वासाठी त्याच्या एका भागात १९८५ सालचा स्टारकोर्ट मॉल उभारला गेला, आणि काही काळ त्या मेलेल्या इमारतीकडे सगळ्यांचं लक्ष वळलं.

कथा गोव्यातली आहे मग वसईचं नाव कसं दाखवणार, असं कोणी विचारेल. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ची कथा इंडियाना राज्यातल्या हॉकिन्स गावात घडते. एक क्षणही ती जॉर्जियात घडत नाही. तरी शेवटी पीच येतंच, आणि कथेचं काही बिघडत नाही. प्रेक्षक कथा संपल्यावर शांतपणे वाचतो की हे सगळं कुठं उभं केलं होतं.

म्हणून मला वाटतं, चित्रीकरणाच्या परवान्यात एक अट वाढवावी: श्रेयनामावलीत ‘चित्रीकरण स्थळ: वसई किल्ला, जिल्हा पालघर’ अशी एक ओळ, वाचता येईल इतका वेळ. हा नियम केंद्राच्या हातात आहे. पण गोरेगावची चित्रनगरी चालवणारं आणि मराठी चित्रपटांना अनुदान देणारं महाराष्ट्र सरकारही आपल्या बाजूनं बरंच करू शकतं. अनुदान मागणाऱ्या चित्रपटानं राज्यातली चित्रीकरणाची ठिकाणं नावानिशी दाखवावीत, एवढी अट घालायला पैसा लागत नाही. जॉर्जिया या गोष्टीसाठी खर्चाचा दहावा हिस्सा सोडून देतं. निर्माता लाइटदादांचं, जेवण पुरवणाऱ्याचं, गाडी चालवणाऱ्याचं नाव आनंदानं देतो, आणि ते दिलंच पाहिजे. ज्या भिंतीनं त्याचं दृश्य तोलून धरलं तिचं नाव त्यांच्या शेजारी शोभेल.

कलाविभागातल्या माझ्या भावंडांना एक सांगणं आहे. गोणपाट आणि प्लाय टाकणारे हात तुमचेच आहेत, ते मी पाहिले आहेत. चिकटपट्टी तेवढी खांबाला लावू नका. टेकू लावा, वाळूच्या पिशव्या ठेवा, वेळ गेला तर जाऊ द्या. गिलावा गेला की तो पुन्हा कोणाला करता येत नाही.

आणि वाचकहो, तुम्ही वसईला जाल तेव्हा भिंत खालून वर पाहा, थडग्यांच्या कडेनं चाला. फोटो काढाल, रील कराल, लग्नाआधीची छायाचित्रं काढायचा विचार कराल, तर आधी परवानगी विचारा. आणि चित्र कुठंही टाकलंत तरी त्याखाली जागेचं नाव लिहा: वसई किल्ला, फ्रान्सिस्कन मठ, सेंट अँथनीचं चर्च.